सांधा नसलेली खुर्ची

वाशीमच्या आमच्या घरी ओसरीवर एक हिरवी प्लास्टिकची खुर्ची आहे. तिच्या मागच्या डाव्या पायाला वीतभर चीर गेली आहे. चीर पडली त्या उन्हाळ्यात काकांनी गॅसवर एक खिळा लाल होईस्तोवर तापवला, सांडशीत धरला आणि चिरेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर सात-सात भोकं पाडली. मेणबत्ती विझवल्यावर येतो तसा वास घरभर पसरला. मग शेताच्या कुंपणाची उरलेली तार घेऊन, गोधडीला टाके घालावेत तशी ती भोकांतून तिरपी-तिरपी ओवली आणि पकडीने पीळ देऊन आवळली. घरात तशा सहा खुर्च्या आहेत, पण आजी तेव्हापासून त्याच खुर्चीवर बसते. "जे मोडाचं थे मोडून झालं, आता काय मोडते," असं तिचं म्हणणं.

ती खुर्ची मी पुष्कळदा उलटीपालटी करून पाहिली आहे. कारखान्यातून निघाली तेव्हा तिला एकही सांधा नव्हता. पाय, बैठक, पाठ, हात हे सगळं एकाच वितळलेल्या रसातून, एकाच साच्यात, एका दमात झालेलं. तिला पहिला सांधा दिला तो काकांनी. मला जे म्हणायचं आहे ते त्या चौदा भोकांपाशीच आहे. प्लास्टिकच्या खुर्चीने आमच्या भागातल्या घरांवर फार मोठे उपकार केले आहेत, आणि ते मान्य करताना कुणी नाक मुरडू नये. पण तिने येताना घरातल्या सामानाचा सांधा काढून नेला. सांधा गेला की दुरुस्ती जाते, आणि दुरुस्ती गेली की वस्तूला जुनं होता येत नाही. ती नुसती मोडते.

घरसजावटीच्या मासिकांत हल्ली 'व्हिंटेज' प्लास्टिकचे फोटो असतात. १९६०च्या दशकातली लाल-नारिंगी इटालियन कपाटं, अक्षराच्या वळणासारखी डॅनिश खुर्ची, शेजारी एक मोठ्या पानाचं झाड. त्याच मासिकात पुढच्या पानावर सल्ला असतो, की घराला चांगलं रूप हवं असेल तर आधी त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या बाहेर काढा. फोटोतली खुर्ची आणि बाहेर काढायची खुर्ची पुष्कळदा एकाच पदार्थाच्या असतात. एक दिवाणखान्यातल्या दिव्याखाली उभी राहते, दुसरी चहाच्या टपरीवर. हा फरक कुठून आला ते नीट पाहायला हवं, कारण त्यात पैशाइतकाच निगेचा भाग आहे.

पदार्थाचं नाव पॉलिप्रॉपिलीन. १९५४ मध्ये मिलानच्या जुलिओ नाट्टा यांनी तो पदार्थ नीट घडवून दाखवला आणि १९६३ मध्ये कार्ल झिग्लर यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. प्लास्टिकची खुर्ची एकसंध करायची ही कल्पना मात्र त्याआधीची आहे. कॅनडात डी. सी. सिम्पसन यांनी १९४६ मध्येच तसा नमुना केला होता. पुढे डॅनिश वास्तुकार व्हर्नर पँटन यांची खुर्ची १९६७ मध्ये आली आणि १९७२ मध्ये फ्रान्सच्या हेन्री मॅसोने यांनी आपली 'फोतेय ३००' काढली. आपल्याकडे मंडपात, अंगणात, दवाखान्यात दिसते त्या खुर्चीचा वंश तिच्याकडे जातो. दाणे सव्वादोनशे अंशांच्या आसपास वितळवायचे, दाबाने साच्यात सारायचे, मिनिटाच्या आत खुर्ची बाहेर. वजन अडीच किलोच्या आगेमागे. साचा महाग असतो, म्हणून एकदा केलेला आकार वर्षानुवर्षं तसाच निघत राहतो. जगभर ही खुर्ची सारखीच दिसते त्याचं हे एक कारण.

महाराष्ट्रात ती घरोघर पसरली नव्वदच्या दशकात. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरला नीलकमलचा कारखाना आहे, आणि आमच्याकडे ते नाव इतकं रुळलं की दुसऱ्या कंपनीची खुर्चीही लोक 'नीलकमल' म्हणूनच मागतात. जळगावात प्लास्टिकच्या चटयांचे कारखाने उभे राहिले. पश्चिमेकडून येणारा हा माल अकोल्यावरून खाली वाशीमपर्यंत उतरला. १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा होऊन आमचा वाशीम जिल्हा झाला तेव्हा प्लास्टिकची खुर्ची इथे नवी नवलाई होती.

त्याआधी आमच्याकडे कोण कशावर बसायचं? सजावटीच्या लेखांत हा प्रश्न कधीच येत नाही. वऱ्हाडातल्या घरात बसायला जमीन होती, सतरंजी होती, घोंगडी होती, पाट होता, आणि होती बाज. खुर्ची होती ती कचेरीत, शाळेत गुरुजींना, आणि गावात एखाद्या वाड्यावर. वाड्यात गादी-लोड आत, बरोबरीचे पाहुणे सतरंजीवर, सालदार ओसरीच्या कडेला आणि ज्यांना कडही नव्हती ते खाली मातीत. बाजेवर घरातले पुरुष आडवे होत. सासऱ्यासमोर सून बाजेवर बसत नसे. बसण्याची उंची म्हणजे माणसाची उंची होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवलं आहे, की शाळेत त्यांना वर्गातल्या इतर मुलांपासून वेगळं, कोपऱ्यात, स्वतःच्या तरटाच्या तुकड्यावर बसावं लागे. शाळेतला गडी त्या तरटाला हात लावत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. एका मुलाने आपली बसायची जागा रोज बगलेत मारून नेली-आणली. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवूनच मी प्लास्टिकच्या खुर्चीकडे पाहतो.

कारण ही खुर्ची सगळ्यांना एकाच उंचीवर बसवते. तिच्यात मानाची खुर्ची आणि हलकी खुर्ची असा भेद मुळात नाही, साचा एकच. चार-पाचशे रुपयांत मिळते, म्हणून मजुराच्या घरीही पाहुण्याला ती पुढे करता येते. पुसली की स्वच्छ होते. गादी विटाळते, सतरंजी धुवावी लागते, असलं काही म्हणायला ती जागाच ठेवत नाही. ज्या वर्षांत ती गावात आली त्याच वर्षांत, ७३व्या घटनादुरुस्तीनंतर, ग्रामपंचायतीत राखीव जागांवरून बाया आणि आजवर ओसरीखाली बसलेली माणसं निवडून येऊ लागली. सभागृहात त्यांच्यासाठी मांडलेली खुर्ची ही बहुधा प्लास्टिकचीच होती. खुर्चीने जात घालवली असं मी म्हणत नाही. २०१९ मध्ये उत्तराखंडच्या टिहरी भागात लग्नात खुर्चीवर बसून जेवल्यावरून एका दलित तरुणाला मारहाण झाल्याची फिर्याद होती; तो तरुण काही दिवसांनी गेला. खुर्ची समोर असली तरी तिच्यावर बसू न देणारे आहेतच. पण घरात चार खुर्च्या असणं आणि एकही नसणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक सागवानाने पाडला नाही, प्लास्टिकने पाडला.

यावर कुणी म्हणेल, जमिनीवर बसण्यातच खरी समता होती; कीर्तनात सगळे एकाच सतरंजीवर बसतात. कीर्तनापुरतं ते खरं आहे, आणि वारकऱ्यांचं ते मोठेपण आहे. पण कीर्तन संपल्यावर तीच माणसं आपापल्या पायरीवर परत जात होती. शिवाय सप्त्याच्या मंडपात आज मागे पाहा. कडेने प्लास्टिकच्या खुर्च्यांची एक रांग असते आणि तिच्यावर म्हातारी माणसं बसलेली असतात. जन्मभर सोयाबीन सोंगताना, कापूस वेचताना वाकलेले गुडघे खाली बसू देत नाहीत, आणि बसलंच तर उठू देत नाहीत. आमच्या गल्लीत एकाने जुन्या खुर्चीची बैठक गोल कापून आईसाठी संडासची खुर्ची केली. त्या घरात बाईंची पडण्याची भीती गेली ती त्या दिवशी. अमेरिकेतले अभियंते डॉन शॉनडॉर्फर यांनी अशीच साधी पांढरी खुर्ची घेऊन, तिला सायकलीची चाकं लावून अपंगांसाठी चाकाची खुर्ची केली. २००१ मध्ये त्यांच्या पहिल्या खुर्च्या चेन्नईत आल्या. अडीच किलोच्या प्लास्टिकने केलेलं हे काम कुठल्याही संग्रहालयातल्या खुर्चीपेक्षा मला मोठं वाटतं.

घराच्या आकाराचाही विचार करा. घरसजावटीचे लेख ज्या दिवाणखान्यासाठी लिहिले जातात तो आमच्या तालुक्यांत किती घरांत असतो? प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट, आणि स्वयंपाकाची जागा त्यातच. लग्नात आंदणात आलेला लाकडी सोफासेट तिथे ठेवला की खोलीचा आठवा हिस्सा तोच खातो. त्याशिवाय आलमारी, दिवाण, कुलर, धान्याच्या कोठ्या आहेतच. सहा प्लास्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचल्या तर चार चौरस फुटांत मावतात. पाहुणे आले की मांडायच्या, गेले की रचायच्या, रात्री त्याच जागेवर अंथरूण. जागा दिवसातून तीनदा बदलणाऱ्या घराचं हे गृहरचनेचं शास्त्र आहे आणि ते इथल्या बायांनी स्वतः बसवलेलं आहे. त्याला अभिरुचीचा अभाव म्हणणाऱ्याने त्या २६९ फुटांत पाच माणसांचा संसार मांडून दाखवावा.

आमच्याकडे मंडप आणि सामान भाड्याने देणाऱ्याला 'बिछायत केंद्र' म्हणतात. बिछायत म्हणजे जमिनीवर अंथरायचं ते. सतरंज्या, गाद्या, लोड, चादरी हा त्या धंद्याचा मूळ माल. आज रिसोड, मंगरूळपीर, कारंजा कुठल्याही गावच्या बिछायत केंद्रात जा, गोदामात छतापर्यंत खुर्च्यांचे मनोरे दिसतील. नाव जमिनीचं राहिलं, धंदा खुर्चीचा झाला. लग्नात या खुर्च्यांना पांढरं कापड घालून मागे सॅटिनची गाठ मारतात. प्लास्टिक दिसू नये म्हणून. हे झाकणं मला आवडत नाही. ज्या वस्तूने आपल्या आईबापांना चारचौघांत मानाने बसवलं तिचं तोंड झाकायचं कारण नाही.

एवढं सगळं तिच्या बाजूने आहे. आता तक्रार सांगतो.

बाज आठवा. चार पाय, चार दांडे. दांड्याचं टोक पायातल्या भोकात ठोकून बसवलेलं. वर अंबाडीच्या दोराचं किंवा सुतळीचं विणकाम, आणि पायथ्याशी ताणायचा दोर. बाज झोळ खाऊ लागली की तो दोर ओढून आवळायचा, पाच मिनिटांत बाज पुन्हा टणक. विणकाम कुजलं तर पाय-दांडे तसेच ठेवून नवं विणायचं. एक दांडा किडला तर सुताराकडून बाभळीचा दुसरा घडवून आणायचा. वीस वर्षांनी त्या बाजेत मूळचं किती उरलं हे सांगता येत नसे, पण बाज तीच असायची. आबाजींची बाज म्हणूनच ती ओळखली जायची. तिचं प्रत्येक अंग वेगळं होतं आणि प्रत्येक अंगाला गावात एक कारागीर होता.

इथे प्लास्टिकवर खोटा आळ घेऊ नये. सुताराचं काम प्लास्टिकच्या खुर्चीने एकटीने मारलं नाही. वखर, तिफण, बैलगाडी हे त्याचं खरं पोट होतं; ट्रॅक्टर आला तेव्हा ते गेलं, आणि खाटेचे चार पाय घडवून कुणाचा संसार चालत नाही. बाजसुद्धा शुद्ध राहिलेली नाही. आज वाशीमच्या बाजारात मिळते ती लोखंडी पाइपाची, वर नायलॉनची पट्टी. आणि माझ्या मते आमच्या घरातलं सगळ्यात चांगलं प्लास्टिकचं फर्निचर हेच आहे. नायलॉन उन्हापावसात टिकतं, पट्टी तुटली तर तेवढी पट्टी बदलता येते, पाइप वाकला तर फॅब्रिकेशनवाला सरळ करून देतो. प्लास्टिक आहे, पण सांध्यांसकट आहे.

खुर्चीचं तसं नाही. एक पाय चिरला की बाकीची धडधाकट पाठ, धडधाकट बैठक, दोन हात, तीन पाय सगळं एकदम भंगारात जातं. भंगारवाला किलोवर घेतो, ती दळली जाते, तिच्यातून चटई, बादली, काळा पाइप होतो. ते चांगलंच आहे, पण दर वेळी वितळवताना पदार्थ थोडा थोडा हिणकस होत जातो. आणि जी भंगारवाल्यापर्यंत पोचत नाही ती उकिरड्यावर उन्हात तडकत राहते किंवा हिवाळ्यात पाणी तापवायला जळते. २३ मार्च २०१८ला महाराष्ट्राने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली ती पिशव्या आणि एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर. खुर्ची त्यात नव्हती, आणि ते बरोबरच होतं. पण दोन उन्हाळ्यांत मोडणारी पातळ खुर्ची आणि फेकायची वस्तू यांत मग अंतर किती उरतं?

ऊन हा आमच्या भागातला मोठा शत्रू. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून बसतो. पॉलिप्रॉपिलीनच्या रेणूंच्या लांब साखळ्या उन्हातल्या अतिनील किरणांनी आणि हवेतल्या ऑक्सिजनने मधेमधे तुटतात. रंग आधी फिका पडतो, मग हात फिरवला की पांढरी भुकटी बोटाला लागते, मग एक दिवस जड माणूस टेकून बसतो आणि कटकन आवाज येतो. हे रोखणारी द्रव्यं असतात. ती पुरेशी घातली तर खुर्ची उन्हातही बरीच वर्षं काढते. पण ती महाग, म्हणून स्वस्त मालात त्यांच्यावर हात आखडतो. वर खडूच्या भुकटीची भर घातली जाते. दुकानदार सांगतो, 'वजन पाहा, दणकट आहे'. या वजनावर विसंबू नका. एका फुटलेल्या खुर्चीचा तुकडा मी पाण्याच्या बादलीत टाकून पाहिला. निव्वळ पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकं असतं, ते तरंगतं. तो तुकडा सरळ तळाशी गेला. वजन होतं ते खडूचं, आणि भर वाढली की खुर्ची ताठ लागते पण ठिसूळ होते. घरकुलातल्या गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकून अशी खुर्ची बसली की तिच्यावरची म्हातारी थेट कमरेवर पडते. म्हाताऱ्या माणसाचं कमरेचं हाड मोडलं की पुढे काय होतं ते प्रत्येक घराला ठाऊक आहे.

आता त्या मासिकातल्या खुर्चीकडे परत येऊ. पँटन यांची ती सुंदर वळणाची खुर्चीही एकसंध होती, आणि तिचंही हेच झालं. सुरुवातीला ती काचतंतूच्या पॉलिएस्टरची होती, मग कडक फोमची झाली, मग १९७१च्या सुमारास साच्यात ओतायच्या स्वस्त प्लास्टिकची. काही वर्षांतच त्या खुर्च्या जुन्या होऊन तडकायला लागल्या आणि १९७९ मध्ये कंपनीने उत्पादन थांबवलं. पुढे १९८३ मध्ये ती पुन्हा फोमची निघाली, आणि १९९९ मध्ये पॉलिप्रॉपिलीनची. म्हणजे आज काही शे युरोंना मिळते ती ही, आपल्या ओसरीवरच्या खुर्चीच्याच पदार्थाची. कलेचा नमुना ठरलेली खुर्चीसुद्धा सांधा नसल्यामुळे वयाने हरली. तिला कुणीतरी पुन्हा पुन्हा घडवत राहिलं आणि जुन्या प्रती कुणीतरी सावलीत जपल्या, म्हणून ती 'व्हिंटेज' झाली. व्हिंटेज हा गुण वस्तूच्या अंगी येतो तो कुणीतरी ती जपल्यावर.

त्याच काळात दुसरी वाटही होती, आणि ती मला जास्त शहाणी वाटते. चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५० मध्ये काचतंतूची खुर्ची बाजारात आणली. बसायची वाटी प्लास्टिकची, पाय धातूचे, वेगळे, स्क्रूने जोडलेले. ब्रिटनमध्ये रॉबिन डे यांनी १९६३ मध्ये पॉलिप्रॉपिलीनची वाटी स्टीलच्या पायांवर बसवली; तिथल्या शाळा आणि सभागृहं त्या खुर्च्यांनी भरली. इटलीत अॅना कास्तेल्ली फेरिएरी यांनी १९६०च्या दशकाच्या शेवटी गोल प्लास्टिकचे कप्पे केले, खिळा-स्क्रू न वापरता एकावर एक बसणारे. एक कप्पा फुटला तर तेवढाच बदलावा. ते आजही निघतात. आमच्या स्वयंपाकघरात कांदे-बटाटे ठेवायचा चार मजली प्लास्टिकचा रॅक असतो ना, पाइपात पाइप घालून उभा केलेला, तो याच कुळातला. त्याचा एक मजला फुटला म्हणून कुणी अख्खा रॅक फेकत नाही.

ईम्स दांपत्य १९५८ मध्ये भारतात आलं होतं. भारताला रचनाकलेचं शिक्षण कसं असावं यावर त्यांनी सरकारला अहवाल दिला आणि त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त मन लावून लिहिलं ते आपल्या तांब्यावर. पिढ्यान्‌पिढ्या हाताळून, पाणी ओतून, कमरेवर घेऊन, घासून, विकून ज्याचा आकार ठरत गेला तो लोटा. प्लास्टिकची खुर्ची घरोघर नेणाऱ्यांना आपला तांब्या मोठा वाटला, कारण त्यात वापरणाऱ्यांचा हात होता. आणि आज त्यांच्याच खुर्चीच्या स्वस्त नकला वाशीमच्या दुकानांतही दिसतात. वर पांढरी प्लास्टिकची वाटी, खाली लाकडी पाय, मध्ये लोखंडी सळ्या आणि स्क्रू. तरुण जोडपी घेतात. नक्कल आहे म्हणून मी तिला नावं ठेवणार नाही. तिला सांधा आहे. उलट वेताच्या विणकामासारखी दिसणारी प्लास्टिकची खुर्ची मला खटकते. तिच्यात एकही वीण नाही, नुसती वेताची मुद्रा उठवलेली. भोकांत धूळ मात्र बसते, आणि एक 'काडी' तुटली तर विणून देता येत नाही. प्लास्टिकने प्लास्टिकसारखं दिसावं.

माझं मागणं आहे ते साधं आहे आणि इथेच होण्यासारखं आहे. गावोगावी सुताराची जागा आता फॅब्रिकेशनवाल्याने घेतली आहे. गेट, खिडक्या, लोखंडी बाज, ट्रॉली सगळं तो करतो. आयटीआयमधून वेल्डिंग शिकून आलेली पोरं कामाच्या शोधात आहेत. कारखान्यांनी फक्त बैठक आणि पाठ यांची जाड, उन्हात टिकणारी वाटी ओतावी, तिला खाली चार बोल्टांची जागा ठेवावी. पाय आमच्या तालुक्यात होतील. वाटी फुटली तर वाटी आणू, पाय गंजला तर पाय करू, म्हाताऱ्यांसाठी दोन इंच उंच करू, अंगणवाडीसाठी आखूड. अशा खुर्च्या एकावर एक रचताही येतात. रॉबिन डे यांच्या येत होत्याच. किंमत थोडी जास्त पडेल. पण ग्रामपंचायती, शाळा, मंगल कार्यालयं दर दोन-तीन वर्षांनी मोडक्या खुर्च्यांच्या जागी पुन्हा सगळ्यात कमी दराच्या खुर्च्या घेतात, त्याचा दहा वर्षांचा हिशेब एकदा मांडून पाहावा. सरपंचांनी, आणि विशेषतः सरपंच बायांनी, पुढच्या खरेदीत 'पाय बदलता येणारी' एवढी एक अट घालावी. खुर्चीचा मान काय असतो हे त्यांच्याइतकं कुणाला कळतं?

तोवर घरात आहेत त्या जपा. दुपारी ओसरीच्या आत ओढा, पत्र्याखाली असल्या तरी ऊन तिरपं येतं. फरशीवर पायांना रबराच्या टोप्या घाला. चीर दिसली की लगेच तार ओवा, मोडेपर्यंत थांबू नका. आणि नवी घेताना एकदा उलटी करून बुडाशी काय लिहिलं आहे ते वाचा. बहुतेक ठिकाणी एक त्रिकोण असतो, आत ५ हा आकडा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. काहींवर साच्याची महिना-वर्षाची खूण असते, बऱ्याचशांवर नसते. दुकानदाराला ती विचारा.

आमच्या हिरव्या खुर्चीच्या बुडाशी त्रिकोण आहे, ५ आहे, वर्ष नाही. आजीला विचारलं तर ती सांगते, तुझ्या आत्याच्या लग्नात घेतली होती. आत्याचं लग्न २००४ सालचं.